जुन्या स्पोर्ट्स कारचे मायलेज हळूहळू घटत असेल तर

मायलेज खरोखर घटले आहे का, हे आधी फुल टाकी ते फुल टाकी मोजावे. मात्र यवतेश्वरचा घाट चढून कासला गेलेल्या आठवड्याची तुलना सातारा-कराड महामार्गाशी करू नये. मग टायरची हवा आणि ब्रेक अडकल्यामुळे एखादे चाक जास्त तापते का, हे पाहावे.

घट सावकाश झाली असेल, तर माझा पहिला संशय ऑक्सिजन सेन्सरवर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा भाग, ज्यावरून पेट्रोलचे प्रमाण ठरते) जातो, कारण तो जुना होऊन मंदावला तरी इंजिनचा दिवा बऱ्याचदा लागत नाही आणि गाडी मुकाट्याने जादा पेट्रोल पीत राहते. अशा वेळी स्पार्क प्लगच्या टोकावर कोरडी, मखमलीसारखी काजळी दिसते. महामार्गावर तापमानाचा काटा खाली घसरत असेल, तर थर्मोस्टॅट (इंजिनचे तापमान राखणारी झडप) बहुधा उघडाच अडकलेला असतो आणि इंजिन थंड राहून जादा पेट्रोल पिते. तो स्वस्त असल्याने आधी बदलावा.