अंगणातल्या तळ्यात कोई पाळताय? ठाणे-नवी मुंबईच्या हवेत या चुका टाळा

कोई माशांबद्दल वाचायला गेलं की बहुतेक सल्ले थंड देशांतून आलेले दिसतात. तळ्यावर बर्फ धरला तर काय करावं, पाणी १० अंशांखाली गेलं की खाणं कधी बंद करावं, थंडी सरल्यावर फिल्टर कधी सुरू करावा. घोडबंदर रोडवरच्या बंगल्याला किंवा बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधल्या अंगणाला यातला एकही प्रश्न पडत नाही. आपल्याकडे मासे जातात ते मे महिन्यातल्या पहाटे, जूनच्या पहिल्या धो धो पावसानंतर आणि दिवाळीच्या साफसफाईत. म्हणून हा लेख आपल्या हवेपुरता लिहिला आहे.

कोई हा मुळात कार्प, म्हणजे गोड्या पाण्यातला मासा. जपानच्या निगाता भागातल्या डोंगराळ गावांत एकोणिसाव्या शतकात त्याचे रंगीत वाण जोपासले गेले. त्याला मानवणारं पाणी साधारण १८ ते २६ अंशांचं. आपल्याकडचं उथळ तळं उन्हाळ्यात सहज ३० च्या पुढे जातं. मासा तेही सोसतो, पण मग आपली छोटीशी चूकसुद्धा त्याला झेपत नाही.

हौद घासून लख्ख करणं

सगळ्यात जास्त मासे या चुकीने जातात, आणि ती अगदी प्रेमापोटी होते. पाहुणे येणार, गणपती येणार, दिवाळी आली, की तळं रिकामं करायचं, शेवाळ घासून काढायचं, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत धुवायचा आणि ताजं पाणी भरायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासे पाण्यावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात आणि घरात म्हणतात, "आत्ताच तर धुतलं होतं!"

धुतलं, म्हणूनच हे झालं. मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सतत अमोनिया सोडतात. फिल्टरच्या स्पंजवर आणि भिंतींच्या बुळबुळीत थरावर राहणारे जिवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशाला विषारी, नायट्रेट त्या मानाने सौम्य. ही जिवाणूंची वसाहत उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन तिला मारक ठरतं.

म्हणून फिल्टर धुवायचा तो तळ्यातूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, नुसता पिळून. एका वेळी अर्धाच भाग धुवा, उरलेला दोन-तीन आठवड्यांनी. भिंतींवरचं आखूड हिरवं शेवाळ राहू द्या, ते तुमच्याच बाजूने काम करतं. तळाचा गाळ मात्र नळीने ओढून काढत राहा. आठवड्याला दहा ते पंधरा टक्के पाणी बदललं की तळं पूर्ण रिकामं करण्याची वेळच येत नाही. माळीमामा किंवा घरकाम करणाऱ्या मावशी तळ्याची सफाई करत असतील तर त्यांना हे कारणासकट समजावून सांगा. नुसतं "धुऊ नका" म्हटलं की लोकांना तो आळस वाटतो.

नळाची नळी सोडून विसरणं

नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी येतं, ठाण्याला मुख्यतः भातसा-उल्हासच्या बाजूचं. दोन्हीकडे ते शुद्ध करून, क्लोरिन घालून येतं. आपल्यासाठी ते चांगलं, पण माशांचे कल्ले त्याने भाजतात. तळ्यात नळी सोडली, तेवढ्यात फोन आला आणि अर्धं तळं नळाच्या पाण्याने भरलं, ही गोष्ट बऱ्याच घरांत घडते. पाणी आधी पिंपात घ्या आणि त्यात एअर स्टोन (एअर पंपाच्या हवेचे बारीक बुडबुडे करणारा सच्छिद्र दगड) टाकून चोवीस तास चालू ठेवा. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट वापरा. मत्स्यालयाच्या दुकानात ते 'अँटी-क्लोरिन' किंवा 'हायपो' म्हणून मिळतं. खडे असतील तर १०० लिटरला १ ग्रॅम नेहमीच्या क्लोरिनला पुरतो. तयार द्रावण असेल तर बाटलीवरचं प्रमाण पाळा.

बोअरिंगच्या पाण्यात क्लोरिन नसतं, पण प्राणवायूही फार कमी असतो आणि खाडीलगतच्या भागात ते खारट निघू शकतं. तेही हवा देऊनच वापरा. टँकरचं पाणी कुठून भरलंय हे कळत नाही, तेव्हा तपासल्याशिवाय तळ्यात घेऊ नका.

सिमेंटचं नवं तळं असेल तर मासे आणायची घाई नको. ताज्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो आणि पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, ९-१० च्याही वर जातो. तळं भरून काही दिवस ठेवायचं, ओतून द्यायचं, पुन्हा भरायचं, असं पीएच ८.५ च्या आत स्थिरावेपर्यंत करा. नाहीतर तलावासाठीचं कोटिंग आधीच करून घ्या.

मेमधल्या पहाटेचा विसर पडणं

पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या लिटरभर पाण्यात तो जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. कोईला सहाच्या वर हवा. म्हणजे उन्हाळ्यात हातात राहतो तो फक्त दीड मिलिग्रॅमचा फरक. त्यात पाणी हिरवं असेल तर दिवसा प्राणवायू देणारं तेच शेवाळ रात्री तो खाऊ लागतं. सगळ्यात वाईट वेळ असते सूर्य उगवायच्या आधीची. संध्याकाळी छान पोहणारे मासे सकाळी मेलेले दिसले आणि त्यांतही मोठेच आधी गेले, तर रोग शोधत बसू नका. बहुतेक वेळा ते गुदमरलेले असतात.

वीज वाचवायला रात्री पंप बंद करणं ही यातली सगळ्यात महाग पडणारी काटकसर. एअर पंप चोवीस तास चालायलाच हवा. दुपारच्या उन्हासाठी निम्म्या तळ्यावर ग्रीन नेट बांधा, ऑक्टोबरमध्येही. नवं तळं खणत असाल तर निदान चार फूट खोल घ्या.

वीज गेली तर काय, याची तजवीज आधीच करून ठेवा. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप फार महाग नसतो, घरातल्या इन्व्हर्टरवरही तो चालतो. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. चार-सहा तास पाणी फिरलं नाही की फिल्टरमधले जिवाणू प्राणवायूअभावी मरायला लागतात आणि आतलं पाणी नासतं. वीज आल्यावर ते थेट तळ्यात जाऊ देऊ नका. पहिली बादली-दोन बादल्या बाहेर ओता, मग जोडणी करा. अंगणातल्या सगळ्या पंपांना गळती-प्रवाह तोडणारा ब्रेकर हवाच, आणि पाण्यात हात घालायच्या आधी बटण बंद.

पावसाचं पाणी माशांना चांगलंच, असं धरून चालणं

पावसाने पाणी थंड होतं, मासे खूश दिसतात, आणि याच दिवसांत पीएच कोसळतो. पाण्याचा पीएच धरून ठेवण्याचं काम त्यातला कार्बोनेटचा साठा करतो, चाचणी किटवर त्याला केएच म्हणतात. पावसाच्या पाण्यात हा साठा जवळजवळ शून्य. तीन फूट खोल तळ्यावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, जो आपल्याकडे जुलैत काही नवलाचा नाही, तर एकाच दिवसात साधारण अकरा टक्के पाणी कोरं होतं. असे आठ-दहा दिवस लागोपाठ आले की साठा संपत येतो. फिल्टरमधले जिवाणूही तोच साठा वापरत असतात. मग एका रात्रीत पीएच सहाच्या खाली येतो.

पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा केएच मोजा आणि तो ५-६ अंशांच्या आसपास ठेवा. कमी झाला तर साधा खाण्याचा सोडा: १००० लिटरला ३० ग्रॅम टाकला की केएच सुमारे एक अंशाने वाढतो. पाण्यात विरघळवून, दिवसाला एका अंशापेक्षा जास्त नाही.

इथे घाई केली तर मासे हातचे जातात, म्हणून जरा थांबून वाचा. पीएच कोसळलेल्या तळ्यात जिवाणू मंदावलेले असतात, त्यामुळे अमोनिया साचलेला असू शकतो. ३० अंश तापमानात पीएच ७ असताना त्यातला एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो, आणि पीएच ८.५ ला सुमारे वीस टक्के. म्हणजे सोडा ओतून पीएच वर नेला की आत्तापर्यंत निरुपद्रवी असलेला अमोनिया विष होतो. आधी अमोनिया मोजा. तो निघाला तर क्लोरिन काढलेल्या पाण्याने थोडं थोडं पाणी बदलून तो खाली आणा, आणि सोडा त्यानंतर, हळूहळू.

छपराचं आणि कुंड्यांच्या वाफ्यांचं पाणी तळ्यात उतरणार नाही अशी कड बांधा. जादा पाणी वाहून जाणाऱ्या पाइपाला जाळी लावा, नाहीतर लहान मासे गटारात जातात.

धूर फवारणीच्या दिवशी तळं उघडं ठेवणं

पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियासाठी सोसायट्यांमध्ये धूर मारला जातो. त्यात बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं असतात. माणसाला त्यांचा त्रास कमी, माशांना मात्र ती अगदी थोड्या मात्रेतही जीवघेणी. फवारणीची वेळ सोसायटीच्या कार्यालयात विचारून ठेवा. तेवढ्या वेळापुरतं तळं प्लास्टिकने पूर्ण झाका आणि एअर पंपही बंद ठेवा, कारण तो बाहेरचीच हवा ओढून पाण्यात सोडतो. धूर विरला की लगेच दोन्ही पूर्ववत करा. डासअळ्या तपासायला कुणी आलं तर तळ्यात मासे आहेत हे नम्रपणे दाखवा आणि औषध टाकू देऊ नका. पाणी फिरतं असेल आणि कोई असतील तर अळ्या टिकतच नाहीत. घरातल्या पेस्ट कंट्रोलच्या आणि वाळवीच्या औषधांचीही हीच काळजी.

फार मासे, फार खाणं

विकत घेताना बोटभर दिसणारा कोई वाढून दोन फुटांचा होतो. एका मोठ्या माशाला निदान १००० लिटर पाणी धरा. तळ्याची लांबी, रुंदी, खोली फुटांत मोजून गुणा आणि आलेल्या आकड्याला २८.३ ने गुणा, म्हणजे लिटर मिळतात. दहा बाय सहा बाय चार फुटांचं तळं सुमारे ६,८०० लिटरचं, म्हणजे सहा मासे. वीस नव्हेत, कितीही देखणे असले तरी. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा, प्रत्येक औषधाची मात्रा त्यावरच ठरते.

कोईला जठर नसतं, त्यामुळे एकदम भरपूर खाणं त्याला पचत नाही. दिवसातून दोन-तीनदा, पाच मिनिटांत संपेल एवढंच. तळ्याकाठी कुरमुरे आणि पोळीचे तुकडे टाकायची आपली सवय घरच्या तळ्यावर नको. खाद्य लहान पाकिटात आणा आणि हवाबंद डब्यात ठेवा. पावसाळ्यातल्या दमट हवेत त्याला बुरशी धरते, आणि बुरशीचं खाद्य माशाच्या यकृतावर जातं.

वंचक, रातबगळा, खंड्या आणि पावसाळ्यात एखादी दिवड येणारच. येऊरच्या पायथ्याशी तर नक्की. तळ्यावर ताणून बांधलेली जाळी हा एकच खात्रीचा उपाय आहे.

नवा मासा थेट तळ्यात सोडणं

कुर्ल्याहून किंवा क्रॉफर्ड मार्केटहून आणलेली पिशवी वीस-तीस मिनिटं सावलीत, तळ्याच्या पाण्यावर बंदच तरंगू द्या. उघडल्यावर मात्र रेंगाळू नका. बंद पिशवीत साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असतो आणि अमोनिया निरुपद्रवी असतो. पिशवी उघडली की तो वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. मासा ओल्या हातांनी अलगद उचलून सोडा, पिशवीतलं पाणी तळ्यात ओतू नका.

आणि तो मोठ्या तळ्यात नाही, तर वेगळ्या टाकीत, फिल्टर आणि जाळीसकट, तीन-चार आठवडे. दुकानातल्या टाक्यांमध्ये वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले मासे एकत्र असतात. तुमच्या जुन्या माशांचा जीव या काही आठवड्यांवर अवलंबून असतो.

न मोजता औषध टाकणं

सगळेच मासे एकदम अस्वस्थ झाले, भिंतीला अंग घासू लागले, पर मिटून बसले, तर आधी पाण्यावर संशय घ्या. एकच मासा कोपऱ्यात असेल तर रोगावर किंवा इजेवर. अमोनिया, नायट्राइट, पीएच आणि केएच या चार चाचण्यांचं थेंबांचं किट घरात असायलाच हवं. पहिल्या दोन्हींचं उत्तर शून्य यायला पाहिजे. नायट्राइट आला तर १००० लिटरला १ किलो जाडं मीठ, आयोडीन नसलेलं, विरघळवून टाका. त्याने विषाचा असर बराच रोखला जातो. मीठ उडून जात नाही, म्हणून पुन्हा टाकताना फक्त बदललेल्या पाण्यापुरतंच. फिल्टरमध्ये झिओलाइट (अमोनिया शोषून घेणारं खनिज) असेल तर आधी ते काढा, कारण मिठामुळे ते धरून ठेवलेला अमोनिया परत सोडतं.

अंगावर लटकणारा दोरा दिसला तर तो अँकर वर्म, चपटी गोल ठिपक्यासारखी सरकणारी वस्तू दिसली तर माशाची ऊ. दोन्ही नुसत्या डोळ्यांनी दिसतात आणि मिठाने जात नाहीत. पोटॅशियम परमँगनेट अंदाजाने टाकणं तर सोडूनच द्या. त्याची मात्रा १००० लिटरला २ ग्रॅमच्या आसपास, आणि थोडी जास्त झाली तर कल्ले जळतात.

जखम खोल गेली असेल, किंवा दोन दिवसांत दुसरा मासा गेला असेल, तर माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जा. जाताना मेलेला मासा नेऊ नका. आपल्या उकाड्यात तो काही तासांत सडतो आणि मग त्यावरून काहीच कळत नाही. आजारी पण जिवंत मासा तळ्याच्याच पाण्यात न्या, वेगळ्या बाटलीत लिटरभर पाणी घ्या, आणि शेवटच्या चाचण्यांचे आकडे व तळ्याचे लिटर कागदावर लिहून सोबत ठेवा.