इंग्लंडमधील स्टेडियम, मद्याचे नियम आणि झिंगलेला शेजारी

इंग्लंडमध्ये मुलाबाळांकडे गेलेल्या ज्यांना फुटबॉलचा सामना प्रत्यक्ष पाहायचा आहे, त्यांनी तिकिटापूर्वी 1985 चा मद्यनियंत्रण कायदा समजून घ्यावा. प्रमुख लीगच्या स्टेडियममध्ये बिअर मिळते. परंतु सामना सुरू असताना मैदान दिसेल अशा जागी मद्य बाळगणे गुन्हा असल्याने, ती आसनांमागच्या काउंटरपाशीच संपवावी लागते. परिणामी 15 मिनिटांच्या मध्यंतरात तेथे झुंबड उडते आणि पेले घाईघाईने रिकामे होतात, त्यामुळे हा नियम नशा कितपत रोखतो, अशी शंका येते. नशेत आत शिरणे हाही गुन्हाच आहे. गैरवर्तन गंभीर असल्यास न्यायालय किमान 3 वर्षांची सामनाबंदी घालू शकते.

शेजारचा प्रेक्षक झिंगून शिवीगाळ करू लागला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नये. जवळच्या स्टुअर्डला (स्टेडियममध्ये सुव्यवस्था राखणाऱ्या कर्मचाऱ्याला) आसन क्रमांक सांगावा किंवा क्लबने तक्रारीसाठी दिलेल्या क्रमांकावर संदेश पाठवावा, म्हणजे आपण पुढे न येताही दखल घेतली जाते. मुले सोबत असल्यास कुटुंबांसाठी राखीव स्टँडच निवडावा.

क्रिकेटला हा कायदा लागू नाही. तेथे आसनावर बसूनच बिअर पिता येते आणि कसोटीच्या दिवसभराच्या खेळात शेवटच्या सत्रापर्यंत काही स्टँड चांगलेच रंगात येतात; शांतपणे खेळ पाहायचा असल्यास मद्यविरहित स्टँडचे तिकीट आधीच मागावे, कारण ते लवकर संपते.