पेरणीआधी एक दिवस कागदांना द्या, मोबाइलवरच होतंय सगळं

रोहिणी अर्ध्यावर आल्यात, मृग आठ-दहा दिवसांवर, वखरपाळी झालीये, आता जो तो बियाण्याच्या बॅगा आणि डीएपी खताच्या मागे आहे. ते करायचंच, पण मधला एक दिवस काढून आपल्या जमिनीचे कागद मोबाइलवर उघडून बघाच, कारण एकदा तिफण चालू झाली की जुलै कधी संपला कळत नाही आणि मग पीक विम्याच्या शेवटच्या दोन दिवसांत सर्व्हर चालत नाही, ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या सेंटरवर रांग, आणि त्या गडबडीत जे भरलं जातं ते वर्षभर भोगायला लागतं.

आमच्या भावकीतलंच सांगतो. २०२३ च्या खरिपातल्या सोयाबीन-कापसाला सरकारने हेक्टरी ५००० रुपये दिले, दोन हेक्टरपर्यंत, पण पिकाची नोंद असलेल्यांनाच. ह्या आमच्या काकांनी त्या वर्षी सगळ्या रानात सोयाबीन केलं होतं, मळणीला आम्हीच होतो, आणि सातबारा काढून बघितला तर पिकाच्या रकान्यात काय, पड, म्हणजे काही पेरलंच नाही! रानात काय पेरलंय त्याची अ‍ॅपवर नोंद करायची असते, तिला ई-पीक पाहणी म्हणतात. गावातल्या एका सेंटरवाल्याने ‘पीक पाहणी मी करून टाकतो’ म्हणून दोनशे रुपये घेतले होते आणि केलीच नव्हती. काकांनी वर्षभर सातबारा उघडूनच बघितला नाही, त्यामुळे कळायला मार्गच नव्हता.

म्हणून पहिलं काम सातबारा. महाभूलेख ह्या सरकारी वेबसाइटवर जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर टाकला की फुकट दिसतो, नुसतं बघायला एक रुपया लागत नाही. बँकेत किंवा ऑफिसात द्यायचा असेल तर डिजिटल सहीचा काढायचा, त्याला १५ रुपये, तो सगळीकडे चालतो. बघताना नुसतं नाव आहे एवढं बघून बंद करू नका, क्षेत्र बघा, मयत माणसाचं नाव अजून आहे का बघा (असेल तर वारस नोंदीचा अर्ज आत्ताच टाका, त्याला वेळ लागतो), फेडलेल्या कर्जाचा बोजा तसाच राहिलाय का बघा. आणि आधारवरचं नाव शेजारी ठेवून अक्षर न अक्षर जुळवा. आधारवर दत्तात्रय आणि सातबाऱ्यावर दत्तू असलं की पुढे फार्मर आयडीला अडकतं.

फार्मर आयडी, म्हणजे शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक, अजून काढला नसेल तर आता थांबू नका. एप्रिल २०२५ पासून राज्यात शेतीच्या योजनांसाठी तो कंपल्सरी आहे. आधार, आधारला लिंक असलेला मोबाइल नंबर आणि सगळ्या गटांची माहिती लागते. इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात ते ओटीपीला, कारण नंबर जुना, सिम कधीच बंद पडलेलं किंवा पोरगं पुण्याला आणि नंबर त्याच्याकडे. आधी नंबर बदलून घ्या मगच बाकीचं, नाहीतर चकरा होतात. आणि दोन-तीन गावांत जमीन असेल तर सगळे गट जोडलेत ना ते बघा.

आता विमा. एक रुपयातला विमा बंद झालाय हे अजून बऱ्याच जणांना माहीत नाही. २०२५ च्या खरिपापासून पैसे भरावे लागतात, खरिपाच्या धान्य-तेलबियांना विमा रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीला दीड, कापूस-कांद्यासारख्या नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत. तारीख साधारण ३१ जुलै धरून चालतात पण दर वर्षी बदलू शकते, म्हणून पीएमएफबीवायच्या (प्रधानमंत्री पीक विमा योजना) वेबसाइटवर बघा नाहीतर १४४४७ ह्या हेल्पलाइनला फोन लावा, व्हॉट्सअपवर फिरणाऱ्या फोटोवर जाऊ नका. सेंटरवाल्याला फॉर्ममागे ४० रुपये विमा कंपनी देते, आपण फक्त हप्ता भरायचा. पावती घेतल्याशिवाय उठू नका आणि पावतीवरचं पीक, गट, क्षेत्र तिथेच वाचा.

आणि विम्यात लिहिलेलं पीक आणि ई-पीक पाहणीतलं पीक एकच पाहिजे, फरक निघाला तर पाहणी खरी धरतात आणि दावा जातो. पाहणी साधारण ऑगस्टमध्ये सुरू होते. ती शेतात उभं राहूनच करायची, अ‍ॅप लोकेशन बघतं, घरून फोटो घेत नाही. रेंज नसली तरी काळजी नाही, माहिती भरून ठेवायची आणि रेंजमध्ये आलं की अपलोड करायची. आंतरपीक असेल तर तूरही टाका, नुसतं सोयाबीन नको. चुकलं तर ४८ तासांत दुरुस्त करता येतं. आपल्याकडे साधा फोन असेल तर शेजाऱ्याच्या मोबाइलवरूनही होते. आणि झाल्यावर पंधरा दिवसांनी सातबारा परत उघडून पीक चढलं का ते डोळ्यांनी बघा.

घरचं सोयाबीन बी वापरणार असाल तर १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा, पाणी शिंपडत राहा, सात-आठ दिवसांनी मोजा. ७० उगवले तर एकरी २६ ते ३० किलो पुरतं, त्याच्या खाली असेल तर बी वाढवा, फारच कमी असेल तर बदला. विकतचं घेतलं तर पक्कं बिल, बॅगेवरचं लेबल आणि मूठभर बी मळणीपर्यंत जपा, उगवलं नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करताना हेच मागतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नका, हे दर वर्षी सांगितलं जातं आणि दर वर्षी कितीतरी जण पहिल्या सरीवर पेरून दुबार पेरणी ओढवून घेतात, मला फार वाईट वाटतं. हवामान खात्याचा सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, मेघदूत अ‍ॅपवर आपला जिल्हा निवडला की मराठीत वाचता येतो. वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी दामिनी अ‍ॅप टाकून ठेवा, गुरं घेऊन रानात असणाऱ्याच्या फोनमध्ये तर पाहिजेच.

‘पीएम किसान यादी’ म्हणून व्हॉट्सअपवर एपीके (बाहेरून अ‍ॅप बसवणारी) फाइल आली तर उघडू नका, अ‍ॅप प्ले स्टोअरवरूनच घ्या, वेबसाइटच्या पत्त्यात जीओव्ही डॉट इन आहे का बघा. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

माझ्या आईला वाचता येत नाही. तिच्यासाठी ओसरीतल्या भिंतीवर खडूने १८००-१८०-१५५१ लिहून ठेवलाय, किसान कॉल सेंटरचा, सकाळी ६ ते रात्री १०, फुकट, मराठीत बोलतात. गेल्या खरिपात तुरीवर अळी दिसली तेव्हा मी गावाला नव्हतो, तिनेच फोन लावला, पान हातात धरून अळीचा रंग सांगितला आणि कोणतं औषध, पंपाला किती, हे शेजारच्या पोरीकडून त्याच भिंतीवर लिहून घेतलं.