घरात रीफ टँक लावायचाय? आधी महिनाभर नुसतं पाणी सांभाळा

रीफ टँकच्या, म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे असलेल्या टँकच्या, वेडाने दुकानात शिरलेला माणूस बहुतेक वेळा काच, दिवा आणि मासे एकदमच घेऊन बाहेर पडतो, आणि दुकानदारही त्याला अडवत नाही. पण खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पहिला मासा साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात सोडायचा असतो. प्रवाळाची पाळी त्याच्याही नंतर येते.

सुरुवातीला १०० ते १५० लिटरचा टँक घ्या. छोटा टँक स्वस्त पडतो खरा, पण त्यातलं तापमान आणि खारटपणा फार लवकर हलतो, म्हणजे नवशिक्यालाच तो जास्त अवघड. १२० लिटरचा टँक काच, दगड, वाळू धरून दीडशे किलोच्या पुढे जातो. तेव्हा तो भक्कम स्टँडवर, भिंतीलगत आणि थेट उन्हापासून दूर ठेवा.

आता पाणी. नळाच्या, बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यात क्लोरीन, फॉस्फेट, सिलिकेट, कधीकधी तांबंही असतं. यातलं बरंचसं शेवाळाला पोसतं, आणि तांबं तर गोगलगायी, कोळंबी, प्रवाळ या सगळ्यांना घातक. स्वयंपाकघरातल्या आरओवर भागत नाही, कारण त्यात चवीसाठी क्षार मुद्दाम राखलेले असतात. आरओच्या पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणाऱ्या गाळणीचा) टप्पा हवा आणि मीटरवर टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) शून्य दिसायला हवा. जुहू किंवा गिरगावच्या किनाऱ्यावरून पाणी भरून आणण्याचा विचारही नको. त्यात सांडपाणी मिसळलेलं असतं आणि पावसाळ्यात खारटपणाही उतरतो. खाण्याचं मीठही चालत नाही, ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्रातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम त्यातून मिळत नाही.

बाजारात सागरी सॉल्ट मिक्स मिळतं. १०० लिटरला साधारण साडेतीन ते चार किलो लागतं. पाण्यात मीठ टाकायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. पंप लावून रात्रभर फिरू द्या आणि मग रिफ्रॅक्टोमीटरने (खारटपणा मोजण्याच्या उपकरणाने) मोजा. विशिष्ट घनता १.०२५च्या आसपास, म्हणजे दर हजारी ३५ भाग हवा. रिफ्रॅक्टोमीटरही अधूनमधून ३५च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्यावा. एक नियम पाठच करा: टँकमधून पाणी उडतं, मीठ उडत नाही. त्यामुळे रोजची तूट गोड्या आरओ-डीआय पाण्यानेच भरायची.

आपल्याकडे खरी कसोटी उन्हाळ्याची. टँक २५-२६ अंशांवर राहायला हवा, आणि एप्रिल-मे महिन्यात बंद घरात तो सहज ३१-३२ गाठतो. पाण्यावर लावलेले छोटे पंखे एक-दोन अंश उतरवतात. नागपूरच्या कोरड्या हवेत ते चांगले चालतात (तूट मात्र दुप्पट भरावी लागते), मुंबईच्या दमटपणात कमी. खोलीत दिवसभर एसी चालणार नसेल, तर चिलरचे (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचे) पैसे टँक घेण्याआधीच बाजूला काढा. माझं मत विचाराल तर दिव्यात काटकसर करा, चिलरमध्ये नको. चिलर बंद कपाटात ठेवलात तर तो स्वतःच्याच गरम हवेत धापा टाकतो. पुणे-नाशिकच्या थंडीत हीटरही लागेल.

पाणी तयार झालं की वाळू आणि कोरडा, सच्छिद्र रॉक मांडा आणि वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) सुरू करा. आता सायकलिंग, म्हणजे माशांच्या विष्ठेतून होणारं विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू टँकमध्ये रुजवणं. बाटलीतलं अमोनिया घालून पातळी २ पीपीएमपर्यंत (दहा लाखांत दोन भाग) न्या. जिवाणू आधी त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. घातलेलं अमोनिया २४ तासांत शून्यावर येऊ लागलं आणि नायट्राइटही शून्य दिसलं, की टँक तयार. याला चार ते सहा आठवडे लागतात. मधे तपकिरी बुरशीसारखा थर येईल. ते डायटम (सूक्ष्म शेवाळ) असतात आणि बहुधा आपोआप जातात.

खरेदीआधी कायदा समजून घ्या. रीफ बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, तसेच काळे प्रवाळ आणि सी फॅन (पंख्याच्या आकाराचे प्रवाळ), वन्यजीव संरक्षण कायदा १९७२च्या अनुसूची १ मध्ये आहेत. मालवणच्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा उचलणं गुन्हाच आहे, मग तो मेलेला का असेना. मश्रूम आणि झोअँथिड हे मऊ अंगाचे, प्रवाळासारखे जीव त्या यादीत नाहीत, आणि नवशिक्याला सोपेही तेच. तरीही माल कुठून आला याचा कागद दुकानदाराकडे मागा. तो टाळाटाळ करू लागला तर परत फिरा.

पहिला मासा म्हणून टँकमध्येच पैदास झालेली क्लाउन माशांची जोडी घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनच्या पैदाशीचं तंत्र आपल्याकडेच बसवलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घेण्याचं कारण उरत नाही. क्लाउनना ॲनिमोन (ते ज्याच्या आसऱ्याने राहतात तो समुद्री जीव) लागतोच असंही नाही. निळा टँग मासा कितीही मोहात पाडो, १२० लिटरमध्ये तो कोंडतो. नवा मासा आधी वेगळ्या टाकीत चार आठवडे ठेवा, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मुख्य टँकमध्ये शिरणार नाही.

झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला. काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं. झोअँथिड चिकटलेला रॉक गरम पाण्यात उकळू नका, कोरडा घासूही नका. वाफेतून विषबाधा झालेली माणसं रुग्णालयात पोहोचली आहेत.

नंतर आठवड्याला दहा टक्के पाणी बदला आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता) ८-९ डीकेएच या एककावर ठेवा. आणि बॅटरीवरचा एअर पंप आजच घेऊन ठेवा. वीज गेली की पाण्यातला प्राणवायू काही तासांतच घसरतो, आणि आपल्याकडे ती नेमकी मे महिन्यातच जाते.