दिवाळीनंतरचा महिना सावरायचाय? आधी कार्डाचं बिल बघा
दिवाळी झाली की क्रेडिट कार्डाचं बिल येतं आणि सगळ्यात मोठी चूक तिथेच होते, मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, तेवढीच भरून आपण मोकळे होतो. प्लीज तसं करू नका. उरलेल्या रकमेवर बऱ्याच कार्डांना महिन्याला ३ ते ३.५ टक्के व्याज लागतं, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास, आणि वर नवीन खरेदीचे बिनव्याजी दिवसही जातात, म्हणजे काल घेतलेल्या किराण्यावरसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज सुरू. त्यामुळे बिल पूर्ण फिटेपर्यंत कार्ड कपाटात ठेवा आणि जमेल तेवढी जास्त रक्कम भरा.

मग यूपीआय अ‍ॅपमधलं ऑटोपे, म्हणजे खात्यातून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची यादी, उघडा. आमच्याकडे दोन ओटीटी निघाले जे घरात कोणी बघतच नव्हतं, लगेच बंद केले.

किराणा भरायच्या आधी डबे उघडून बघा. चकलीची भाजणी उरलेली असतेच, त्यात कांदा, कोथिंबीर, तिखट घालून थालीपीठं लावा, रवा असेल तर उपमा, बेसनाचं पिठलं, आठवड्याचा नाश्ता घरातच निघतो खरंच. भाजी मात्र दहा मिनिटांत आणून देणाऱ्या अ‍ॅपवरून नको, ऑफिसमधून येताना दादरला उतरून घ्या, कापडी पिशवी बॅगेतच ठेवा.