अश्वव्यवसाय आणि कृषी व्यवस्थापन शिकायला जाण्यापूर्वीची तयारी

घोड्यांची आवड आहे म्हणून हे शिक्षण घ्यावे असे ज्याला वाटते, त्याने अर्ज भरण्याआधी आपल्याला घोड्यावर उपचार करायचे आहेत की घोड्याभोवतीचा व्यवहार सांभाळायचा आहे, हे ठरवून घ्यावे, कारण दोन्हींची वाट बारावीनंतर लगेच वेगळी होते. उपचारांसाठी पशुवैद्यकीय पदवी लागते. परभणी आणि उदगीर येथील महाविद्यालयांत तिचा प्रवेश ‘नीट’मधून होतो. व्यवहाराकडे जाणाऱ्याला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या कक्षेतील कृषी शिक्षण जवळचे आहे आणि त्यासाठी ‘एमएचटी-सीईटी’ द्यावी लागते. अश्वव्यवसायाचीच पदवी हवी असेल, तर अमेरिकेतील लुइव्हिल विद्यापीठाचा अभ्यासक्रम पाहावा. तो तेथे पशुविज्ञानाच्या नव्हे, तर व्यवसाय महाविद्यालयाच्या छत्राखाली चालतो, एवढ्यावरूनच त्याचा रोख कळतो. म्हणून गणित सोडू नये आणि जमाखर्चाची वही लिहिण्याची सवय आत्ताच लावून घ्यावी.

ही वही कोऱ्या कागदावर नव्हे, तर एका खऱ्या घोडीवर सुरू करावी. गावात वरातीसाठी घोडी ठेवणारे एखादे घर असतेच. त्या मालकाची परवानगी घेऊन किमान तीन महिने, त्यातला एक तरी लग्नसराईचा आणि एक तरी रिकामा, असा तिचा खर्च आणि उत्पन्न रोज नोंदवावे. चारशे किलो वजनाच्या जनावराला रोज सुमारे आठ किलो कोरडा आहार लागतो असे धरून कडबा, गवत आणि खुराक यांचे भाव लिहावेत. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला द्यावे लागणारे पैसे, औषधे, सामानाची दुरुस्ती आणि मोतद्दाराची, म्हणजे घोडीची देखभाल करणाऱ्याची, मजुरी हेही लिहावे. मजुरीचा रकाना मालक हसून गाळायला सांगेल, कारण ‘तो घरचाच पोरगा आहे’. तरीही तो भरावाच, नाहीतर नफा खोटा दिसतो. घोडीचा गाभणकाळ जवळपास अकरा महिन्यांचा असल्याने शिंगरू विकून पैसा हाती येईपर्यंत भांडवल किती काळ अडकते, तेही या वहीवरूनच उमगते.

मार्गशीर्ष वद्यात नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला घोडे विक्रीला येतात. तेथे खरेदीच्या इराद्याने जाऊ नये; एकाच घोड्याची सांगितलेली किंमत, ठरलेली किंमत, दातांवरून सांगितलेले वय आणि वाहतुकीचा खर्च लिहून आणावा. मारवाडी, काठियावाडी आणि आपली भीमथडी या घोड्यांच्या जातींतला फरक पुस्तकातल्या चित्रापेक्षा तेथील विक्रेत्याच्या तोंडून लवकर कळतो, मात्र त्याचे सगळेच खरे मानू नये.

गाई-म्हशींच्या गोठ्यात वाढलेल्या विद्यार्थ्याला चाऱ्याबाबतची काही सवय मोडावी लागते. घोडा रवंथ करत नाही आणि त्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे बुरशी लागलेला कडबा त्याच्या पोटशुळाचे कारण ठरू शकतो. हिरव्या ज्वारीच्या चराईने घोड्याच्या मूत्राशयावर आणि मागच्या पायांवर परिणाम होऊ शकतो, हे ज्वारीच्या पट्ट्यातल्या माणसाने तर आधीच वाचून ठेवावे.

ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची माहितीही हवी. तो माणसालाही होऊ शकतो, त्यावर लस नाही आणि बाधित जनावराला दयामरण द्यावे लागते. अशा रोगांची सूचना देणे, जनावरांची ने-आण थांबवणे वगैरे गोष्टी जनावरांतील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंध व नियंत्रणाच्या 2009 च्या केंद्रीय कायद्यात आहेत. ज्याला यात्रांचे किंवा शर्यतींचे व्यवस्थापन करायचे आहे, त्याने हा कायदा मुळातून वाचावा. हरियाणातील हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचे कामही याच विषयाशी जोडलेले आहे.

कागदपत्रांचे म्हणाल, तर सातबारा, जातीचा दाखला आणि पडताळणी, रहिवासी दाखला हे निकालाची वाट न पाहता गोळा करावेत. परदेशी जाणाऱ्याने पारपत्र आणि इंग्रजीच्या परीक्षेसाठी वर्षभर आधी हालचाल करावी. तबेल्यात पहिल्यांदा पाऊल ठेवण्यापूर्वी धनुर्वाताची लस घेतलेली असावी, आणि पायात चप्पल नव्हे, बूट असावेत.