जुनी सरकारी नाणी, कागद, बिल्ले ऑनलाइन विकताय? या चुका टाळा

मराठवाड्यातल्या जुन्या घरांतून निजामाच्या राजवटीतलं काही ना काही निघतंच. गाठोड्यात हाली रुपया, म्हणजे निजामाचा स्वतःचा रुपया, ट्रंकेत उर्दू शिक्क्यांचे कागद, कुठं चपराशाचा पितळी बिल्ला. दिवाळीच्या साफसफाईत ते हाती लागतं, दुपारी फोटो निघतात आणि संध्याकाळपर्यंत जाहिरात पडलेली असते. मग आठवडाभरात पोरं माझ्याकडं येतात. जाहिरात काढली, खातं बंद केलं, पैसे अडकले. सगळे वेबसाइटच्या नावानं बोटं मोडतात, पण मी आधी जाहिरात उघडून दाखवायला सांगतो. निम्म्याहून जास्त वेळा उत्तर तिथंच असतं.

साल न समजता साल लिहिणं

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण ती पाच मिनिटांत टाळता येते.

परभणी जिल्ह्यातल्या एका मुलाला आजीच्या गाठोड्यात चांदीचा रुपया सापडला. शेजारच्या दुकानदारानं त्यावरचे उर्दू आकडे वाचून दिले: १३४३. मुलानं इतिहास आठवला. मुहम्मद तुघलकाची कारकीर्द १३२५ ते १३५१, दौलताबाद आपल्या शेजारी, म्हणजे नाणं त्याचंच! परदेशी वेबसाइटवर जाहिरात गेली: ‘तुघलक काळातलं दौलताबादचं दुर्मिळ नाणं, पावणेसातशे वर्षं जुनं.’ नाण्यावर चारमिनार स्पष्ट दिसत होता. चारमिनार बांधला १५९१ मध्ये. एवढं बघायलाही तो थांबला नाही.

वेबसाइटनं ती वस्तू पुरातत्त्वीय समजून जाहिरात काढली आणि मालकीचे व निर्यातपरवानगीचे कागद मागितले. यानं काय करावं? दुसऱ्या ई-मेलवर नवं खातं उघडलं आणि तेच फोटो पुन्हा टाकले. दोन्ही खाती बंद झाली, एका ग्राहकाचे आलेले पैसे मध्येच अडकले, तेव्हा तो माझ्याकडं आला. “काका, नाणं खोटं आहे का?”

नाणं अस्सल होतं. चारमिनारच्या दारात ‘ऐन’ हे उर्दू अक्षर होतं, म्हणजे शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांचा रुपया. वजन केलं तर ११.१८ ग्रॅमच्या आसपास भरलं, हाली रुपयाचं तेच असतं. कलदार, म्हणजे इंग्रजी अमलातला रुपया, ११.६६ ग्रॅमचा. हाली सात द्यावे तेव्हा कलदार सहा मिळत. आणि १३४३ हे साल हिजरी, म्हणजे इस्लामी कालगणनेचं आहे. हिजरी सालाला ०.९७ नं गुणा आणि त्यात ६२२ मिळवा, इसवी साल जवळपास मिळतं. १३४३ म्हणजे १९२४-२५.

इथं दुसरी चूक दबा धरून बसलेली असते. हैदराबादच्या नोटांवर आणि महसुली कागदांवर फसली, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशेबाचं साल असतं. त्यात ५९० मिळवायचे: १३५८ फसली म्हणजे १९४८-४९. पण काही जण हेच ५९० नाण्यावरच्या हिजरी सालातही मिळवतात. मग १३४३ चं १९३३ होतं आणि शंभरी ओलांडलेलं नाणं कागदावर शंभरीच्या आत येतं. हिजरी वर्ष चंद्राचं, आपल्यापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळं तिथं नुसती बेरीज चालत नाही.

हा हिशेब एवढा महत्त्वाचा का? पुरावस्तू आणि बहुमूल्य कलाकृती कायदा, १९७२. शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं पुरावस्तूत मोडतं. हस्तलिखितं आणि ऐतिहासिक मोलाचे दस्त यांना ७५ वर्षंच पुरतात. म्हणजे १९४८ पर्यंतचे, निजामाच्या कारभारातले असे सगळे कागद त्या रेषेपलीकडं गेलेत. पुरावस्तू देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार केंद्र सरकारला किंवा त्यानं नेमलेल्या संस्थेलाच आहे. खासगी माणसानं पाठवली तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. नाण्याचं पाकीट कुरिअरवाल्याकडं देताना ‘पितळी शोपीस’ लिहिणाऱ्यांना मी साफ सांगतो, माझ्याकडं परत येऊ नका. पुरावस्तूंची खरेदी-विक्री धंदा म्हणून करायची तर देशातही परवाना लागतो. वस्तू शंभरीच्या अलीकडची की पलीकडची याची शंका असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या, मगच परदेशी ग्राहकाशी बोला.

माझी सवय अशी: नाण्यावरचं साल जसंच्या तसं, कोणत्या पंचांगाचं ते, त्याचं इसवी साल आणि वजन, या चार गोष्टी कागदावर उतरवल्याशिवाय मी फोटोसुद्धा काढत नाही. ‘दुर्मिळ’ हा शब्द मी लिहीतच नाही.

कोरे स्टॅम्प पेपर

लातूरकडच्या एका गृहस्थांचे वडील दस्तलेखक होते. त्यांच्या माघारी जुन्या कोऱ्या स्टॅम्प पेपरचा गठ्ठा निघाला. मुलानं जाहिरात दिली: ‘जुने, कोरे, वापरण्याजोगे.’ फोन धडाधड आले, त्यामुळं ते खूश होते. मी विचारलं, ग्राहक काय विचारतात? म्हणाले, मागच्या बाजूला विक्रेत्याचा शिक्का आणि तारीख आहे का, एवढंच. नक्षी, छपाई, किंमत यांतलं कोणीच काही विचारलं नव्हतं.

संग्राहक असे प्रश्न विचारत नाही. मागील तारखेचं इसारपत्र करणारा विचारतो. आपल्याकडं इनामी आणि देवस्थानच्या जमिनींचे वाद पिढ्यानपिढ्या चालतात, तिथं असा एक कागद एखाद्याचं शेत घालवू शकतो. तेलगीच्या बनावट स्टॅम्प पेपर प्रकरणानंतर तरी हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगायची वेळ येऊ नये. शिवाय परवान्याशिवाय स्टॅम्प पेपर विकणं हाच गुन्हा आहे. त्यांनी त्याच दिवशी जाहिरात काढली. माझं मत ठाम आहे: लिहिलेला, शिक्के पडलेला, काम संपलेला कागद संग्रहाचा. कोरा कागद कितीही सुंदर असो, घरातच ठेवा.

बाकीच्या चुका

चपराशाच्या बिल्ल्याला ‘ओरिजिनल पोलिस बॅज’ म्हणू नका. असं शीर्षक वेबसाइटच्या तपासणीत अडकतंच, कारण पोलिसांच्या खुणा वापरून लोक लुबाडतात. ‘तहसील कचेरीतल्या चपराशाचा पितळी बिल्ला, उर्दू मजकूर’ एवढं खरं लिहिलं की पुष्कळदा प्रश्न मिटतो.

जुना पासपोर्ट विकू नका. १९६७ च्या कायद्यानुसार तो सरकारचीच मालमत्ता असतो.

नोटाबंदीतल्या ५०० आणि १००० च्या नोटा मिळून दहापेक्षा जास्त बाळगता येत नाहीत. अभ्यास किंवा संग्रहासाठी मर्यादा पंचवीस. त्यापुढं दहा हजार रुपये किंवा दर्शनी किमतीच्या पाचपट, यांतला मोठा आकडा दंड म्हणून. ‘गड्डी उपलब्ध’ अशी जाहिरात म्हणजे स्वतःविरुद्ध दिलेला जबाब.

२०१२ च्या वैष्णोदेवीच्या नाण्याचे किंवा ७८६ आकड्याच्या नोटेचे लाखो रुपये देतो म्हणून फोन आला, तर ठेवून द्या. आधी ‘नोंदणी फी’ मागतात, मग ‘कर’. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि तिच्या नावानं शुल्क घ्यायला तिनं कोणालाही नेमलेलं नाही.

चिंच, राख, पितांबरी, काही लावू नका. घासलेलं नाणं जाणकार घेत नाही.

जाहिरात काढली गेलीच तर

दुसरं खातं उघडू नका, भावाच्या नावावरही नाही. आलेली सूचना पूर्ण वाचा, ती कोणत्या नियमाखाली आहे ते बघा आणि त्याच नियमाला धरून अपील लिहा. सोबत दोन्ही बाजूंचे फोटो, शेजारी मोजपट्टी, काट्यावरचं वजन आणि इसवी सालाचा हिशेब द्या. परभणीच्या त्या मुलाचं जुनं खातं असंच परत मिळालं. परदेशी विक्रीचा नाद त्यानं सोडला आणि ग्राहकाचे पैसे परत गेले. रुपया पुढं संभाजीनगरच्या एका संग्राहकानं समोर बसून, वजन करून घेतला.